दुपारच्या फायली

कॅमेरे बसवण्यात धाकट्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण आईच्या खोलीत कॅमेरा बसवताना त्याचेच हात जड झाले. आई अंथरुणाला खिळलेली. बोलणं पुटपुटण्यापुरतं, आणि मान कित्येक महिन्यांत वळली नव्हती. परगावच्या ताईला ती फोनवर दिसावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

"चित्र जरा स्वच्छ ठेव बरं का," ताईनं फोनवर बजावलं.

"ताई, आपलं इंटरनेट रडतखडत चालतं. चित्र मध्यम ठेवतो, फ्रेम कमी करतो. समोर काही हललं तरच फाईल फुगेल असं सेटिंग आहे. आई पडूनच असते, म्हणजे फाईल चिमुकली होणार."

त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. सकाळच्या आणि रात्रीच्या फायली चिमुकल्याच निघाल्या. दुपारी मात्र, आईला भरवून तो कामावर गेला की, फाईल पाचपट फुगायची. खोलीत लगीनघाई चालल्यासारखी! उघडून पाहावं तर काहीच नाही. आई निपचित पडलेली, बस्स.

त्यानं पंखा बंद ठेवला, पडदा काढून टाकला. फाईल तेवढीच. आईला इथे एकटं टाकून जायचं तरी कसं?

एका दुपारी काम बुडवून तो कॅमेऱ्याखाली, चित्रात येणार नाही असा बसला. खोलीत औषधांचा कुबट वास होता. कॅमेरा दर सेकंदाला किती डेटा पाठवतोय, तो आकडा मोबाईलवर दिसत होता. आकडा जागचा हलला नाही.

"आई, मी नसताना इथे कोण येतं गं?"

आईचे ओठ कसेबसे हलले. "तू असलास… की ती हलत नाही…"

"ती कोण?"

आईनं डोळे घट्ट मिटून घेतले.

पाणी आणायला तो उठला. उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोच हातातल्या मोबाईलवरचा आकडा भराभर चढू लागला. तो धावत आत आला. आकडा खाली आला. आई तशीच, डोळे मिटून.

असेल काहीतरी बिघाड… मनाची समजूत घालत त्यानं पुन्हा एक पाऊल बाहेर टाकलं. आकडा चढला.

"आई!" तो आत धावला.

आकडा खाली आला होता. आईची मान भिंतीकडे वळलेली होती.