मेणातली हनुवटी

कॉन्सर्ट बारा दिवसांवर आला असताना चिऊच्या व्हायोलिनचं चिनरेस्ट तुटलं. चिनरेस्ट म्हणजे हनुवटी टेकवायची लाकडी वाटी. खरं तर दोष वाटीचा नव्हता. चिऊची हनुवटी एवढीशी, आत गेलेली. ती वाटीवरून सारखी घसरायची, म्हणून चिऊ खाली रुमालाची घडी कोंबायची. त्या कोंबाकोंबीत आज पकडीचा स्क्रूच उखडून हातात आला.

पुलाखालच्या गल्लीत वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं दुकान होतं. ती धावतपळत आत शिरली, तेव्हा तो एका सेलोवर, व्हायोलिनच्या त्या थोराड भावंडावर, पॉलिशचा हात फिरवत होता. त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं... आणि पाहतच राहिला.

"काय बघताय?" चिऊने तडकून विचारलं.

"हनुवटी."

तिचे कान तापले. चिऊ हे नावसुद्धा मामेभावांनी तिच्या चेहऱ्यावरूनच ठेवलं होतं – नाक पुढे, हनुवटी आत, चोचच जशी! लाडाचं म्हणून ते घरात रुळलं, पण तिला ते कायम टोचायचं.

"वाटी चुकीची आहे," कारागीर शांतपणे म्हणाला. "तयार मापाची. दुसऱ्याची चप्पल घालून चालताय तुम्ही. मी नवी करून देतो, पण मेणात ठसा घ्यावा लागेल."

त्याची पद्धत अशी होती: कोमट मेणाचा गोळा व्हायोलिनवर बसवायचा, वाजवणाऱ्याने पंधरा मिनिटं वाजवायचं, मग मेणात जी खळगी उमटेल तीच लाकडात कोरायची. चिऊने वाजवलं. तो समोर स्टुलावर बसून बघत होता. पंधरा मिनिटांनी त्याने मेण उचललं, उजेडात धरलं आणि मान हलवली.

"ही खोटी आहे."

"काय खोटी?"

"हनुवटी. जबडा पुढे काढून वाजवलंत तुम्ही. ही पाहुण्यांसाठी ठेवलेली दिसते. रोजची कुठे आहे?"

चिऊला फिस्सकन हसू आलं. शाळेतल्या एका फोटोपासून तिला ही खोड लागली होती. कुणी बघतंय असं वाटलं की जबडा आपोआप पुढे जायचा. इतक्या वर्षांत आईच्यासुद्धा ते लक्षात आलं नव्हतं, आणि या माणसाने पंधरा मिनिटांत चोरी पकडली!

दुसऱ्या दिवशीचं मेणही खोटंच निघालं. तिसऱ्या दिवशी त्याने स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"वाजवा. मी बघत नाहीये."

"आणि मी तुमच्या पाठीकडे बघत वाजवू?"

"पाठीसमोर कुणी खोटं वागत नाही."

चिऊ वाजवू लागली. त्याच्या कॉलरवर पॉलिशचा एक तांबूस डाग होता. वाजवता वाजवता ती त्या डागाकडेच बघत राहिली, आणि जबडा पुढे काढायचा राहून गेला. मेणात एक लहानशी, किंचित डावीकडे कललेली खळगी उमटली. तो ती बोटाने हळूच चाचपत होता आणि चिऊला कुठे बघावं तेच कळेना.

त्या दिवसापासून तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. आज तार हवी, उद्या गजाला लावायची राळ हवी, परवा आदल्या दिवशी नेलेली तार बदलून हवी. घरात बसवेना, तालमीत सूर लागेना.

"एवढ्या तारा खातेस की काय?" कारागिराने एकदा विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"तुझं काय जातंय? गिऱ्हाईक आहे मी."

"गिऱ्हाईक उभ्याउभ्या जातं. तू दोन तास बसतेस."

"मग जाऊ?"

"...बस."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, जी चिऊ त्याला सांगत नव्हती. कॉन्सर्टनंतर पाचव्या दिवशी तिचं ऑपरेशन ठरलं होतं – हनुवटी पुढे आणण्याचं. हे फक्त ताईला ठाऊक होतं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर काढून दिलेलं नव्या चेहऱ्याचं चित्र पर्समध्ये होतं. आणि इथे हा शहाणा रोज तिच्या जुन्या हनुवटीसाठी शिसवी लाकूड कोरत बसला होता!

"झालीच बघ," एका दुपारी तो म्हणाला. "आयुष्यभर पुरेल तुला."

चिऊने पर्स उघडली. "आयुष्यभर नाही. कॉन्सर्टनंतर पाच दिवस." आणि तिने चित्र काढून त्याच्यासमोर ठेवलं. सगळं एका दमात सांगून टाकलं.

लाकूड कोरणारी पटाशी थांबली. त्याने चित्र बराच वेळ पाहिलं.

"सांग ना," ती म्हणाली. "करू की नको?"

"मला विचारू नकोस."

"तुलाच विचारतेय!"

"माझं मत आता निर्भेळ राहिलेलं नाही."

"कशाची भेसळ झाली?"

तो नुसता लाल झाला आणि खाली मान घालून लाकूड तासू लागला. चिऊ वाट बघत उभी राहिली. मग तिचा संयम सुटला.

"मेणातलं बरोब्बर ओळखता येतं, आणि तोंडाने चार शब्द बोलता येत नाहीत!" ती तरातरा निघून गेली.

वाटी त्याने कुणाच्या तरी हाती पाठवली. कॉन्सर्टमध्ये हनुवटी तसूभरही घसरली नाही. दोन तास चिऊला आपल्याला चेहरा आहे हेच आठवलं नाही. मात्र नंतर कुणीतरी सगळ्यांचा फोटो काढायला मोबाईल वर धरला, आणि जबडा आपसूक पुढे गेला. चिऊला एकदम प्रचंड थकवा आला. याचा कंटाळा आलाय मला, तिला वाटलं, मलाच, दुसऱ्या कुणाला नाही.

तिने कारागिराला मेसेज केला: "करतेय ऑपरेशन. माझ्यासाठी. रागावलास? लाकूड फुकट गेलं ना?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "लाकूड पुन्हा तासता येतं. फार दुखेल का गं?"

तो मेसेज तिने ऑपरेशनच्या दिवसापर्यंत किती वेळा वाचला, ते विचारू नका.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी बेल वाजली. ताईने खिडकीतून डोकावून पाहिलं आणि ओढणी घेऊन धावत आली.

"अगं, कुणीतरी मुलगा आहे! तोंड तरी झाक, भोपळा झालाय नुसता!"

चिऊने ओढणी बाजूला केली आणि स्वतः जाऊन दार उघडलं. हनुवटीवर पट्टी, गाल सुजलेले, गळ्यापर्यंत निळा-पिवळा डाग. लपवायचं म्हटलं तरी काय लपवणार होती?

कारागीर उंबऱ्याबाहेर उभा होता. येताना बोलायचं पाठ करून आला असावा, कारण तो श्वासही न घेता सुरू झाला.

"तेव्हा बोललो असतो तर तुझ्या निर्णयात लुडबुड झाली असती. 'नको' म्हटलं असतं, तर तू माझ्यासाठी थांबली असतीस. 'कर' म्हटलं असतं, तर तुला वाटलं असतं की मला तुझी हनुवटी आवडत नव्हती. आता झालंय सगळं. आता मी काही बोललो तरी फरक पडत नाही, म्हणून बोलतो. तू मला आवडतेस. त्या हनुवटीसकट आवडत होतीस, या पट्टीसकटही... म्हणजे, फारच आवडतेस."

"हसवू नकोस," चिऊ कशीबशी पुटपुटली. "टाके ओढतात."

"मी हसवत नाहीये!"

"माहितेय... म्हणूनच तर..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते टाक्यांमुळे होतं असं ती नंतर सांगायची.

"कोण आलंय गं?" ताईने आतून विचारलं.

कारागिराचा हात धरून चिऊ त्याला घरात घेऊन आली. खिडकीजवळची खुर्ची सगळ्यात उजेडाची होती. तिच्यावर ती बसली, चेहरा थेट त्याच्याकडे करून, आणि म्हणाली, "आता बघ."