बातम्या भरून मिळतील का?

कानो शहराच्या बाजारात लवानच्या टपरीवर जो येई तो मोबाइलमध्ये गाणीच भरून मागे. ही पहिलीच मुलगी, जिने विचारलं, "रेडिओच्या बातम्या मिळतील? हौसा भाषेतल्या. जितक्या जुन्या तितक्या बऱ्या."

वाळवंटावरून येणाऱ्या वाऱ्याच्या धुळीने तिच्या पापण्या पांढुरक्या झाल्या होत्या. लवान बघतच राहिला.

तिचं नाव सिंबियात. दूरच्या इलोरिनची, घरी हौसा नव्हे, योरुबा बोलणारी. इथल्या रेडिओ केंद्रात हौसा बातम्या वाचायची जागा निघाली होती आणि तिला ती हवीच होती. नाही मिळाली तर मुकाट्याने परत यायचं, असं वडिलांनी बजावलं होतं.

पुढच्या खेपेला ती तणतणतच आली. "लवान, मी बातम्या मागितल्या होत्या! त्यात या म्हाताऱ्या बायकांच्या कहाण्या कशाला घुसवल्यास?"

"कारण तू टोमॅटोचा भाव विचारतेस, तेव्हा वाटतं सरकारच पडलं."

तिने कसंबसं हसू दाबलं. "आणि ती एक बाई... अख्खा संसार सांगते, पण नवऱ्याचं नाव नाही! सारखं आपलं 'तो', 'आमच्या घरातला'... विसरली की काय?"

"विसरेल कशी?" लवानची नजर खाली गेली. "मनातल्या माणसाचं नाव इथल्या बायका घेत नाहीत. लाज वाटते त्यांना."

"अस्सं?" तिचे डोळे चमकले. "लवान! लवान! लवान! — घे, मला नाही बाई लाज वाटत!"

शेजारचा शिंपी खो खो हसला. लवानही हसला, पण त्याच्या काळजात चर्र झालं. न विचारताच उत्तर मिळालं होतं. मग तो रेकॉर्डिंग भरून द्यायचा, बोलायचा मात्र कामापुरतं. हळूहळू तीही गप्प गप्प राहू लागली... आणि त्याला हाक मारणं तर तिने सोडूनच दिलं.

निवडीची शेवटची मुलाखत थेट रेडिओवर होती. लवानने टपरीतली गाणी बंद केली. समोरचं ताक-बाजरी तसंच राहिलं. बातमी तिने झोकात वाचली. मग केंद्रप्रमुख हाजिया तबावा म्हणाल्या, "वाचणाऱ्या पुष्कळ आहेत गं. पण तुझ्या बोलण्यात हा घरचा गोडवा कुठून आला?"

"आजीबायांच्या कहाण्या ऐकून, हाजिया. एकाने... ऐकायला दिल्या."

"कोणी?"

रेडिओ गप्प.

लवान रेडिओवर वाकला. बोल ना! नको घेऊस माझं नाव, कुणाचंही घे... हातची जागा जाईल!

"अगं, नाव विसरलीस की काय?"

"विसरेन कशी?" आवाज अगदी हळू आला. "पण ते नाव... मला घेता येत नाही, हाजिया."

मग हाजिया मोठ्याने हसल्या. "हिला आता आणखी काय शिकवायचं? उद्यापासून संध्याकाळच्या बातम्या तुझ्या, पोरी!"

शिंप्याचं मशीन थांबलं. "अरे लवान, पोरीने तुझं नाव नाही घेतलं रे!"

लवानने टोपी डोळ्यांवर ओढली. टोपीआड तो रडत होता की हसत होता, त्याचं त्यालाच कळेना.

ऊन कललं तशी ती आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, त्याच्याकडे न बघता तिने मोबाइल पुढे केला.

"अहो..." ती म्हणाली, "आज काय ऐकवताय?"