टोपी, सुया आणि मामांची मूठ

दार चुकलं म्हणून भेट झाली. नाहीतर ती कशाला जातेय त्या खोलीत!

आत एक डॉक्टर एकटाच बसून स्वतःच्याच मनगटात सुई टोचत होता.

"अहो! काय करताय?" तिच्या हातातली तारांची टोपी पडता पडता राहिली.

"अ‍ॅक्युपंक्चरच्या नवीन सुया आल्यात. पेशंटच्या आधी स्वतःला टोचून बघतो." त्याने मान वर केली... आणि मान तशीच राहिली. "तुम्हीच ना त्या टोपीवाल्या?"

"आणि तुम्ही सुईवाले," ती म्हणाली, आणि उगाचच लाजली.

दोघांचा पेशंट एकच निघाला — तिचे मामा. शिवणाच्या मशीनवर बसून त्यांनी या भाचीला वाढवलं, शिकवलं. दोन महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि उजव्या हाताची मूठ आवळली ती आवळलीच. आता आधी अर्धा तास त्याच्या सुया, मग तिची टोपी. मामांनी मूठ उघडायचा नुसता विचार करायचा. टोपी मेंदूतला तो संदेश पकडणार आणि हातातला यंत्राचा मोजा बोटं उघडणार. असं करता करता हात आपला आपण उघडेल, ही आशा.

"जन्मभर कापडाला टोचलं," मामा अडखळत म्हणाले. "आता कापड... सूड घेतंय."

डॉक्टर खळखळून हसला. तिला मात्र हसू येईना.

तीन आठवडे गेले. मोजा हलायचा, हात नाही. मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून एकदा बघू. नाहीतर थांबवू." तेव्हापासून ती टोपीची एकेक तार पुन्हा पुन्हा तपासू लागली.

"तार सुटलेली नाही," सुईवाला हळूच म्हणाला. "तिसऱ्यांदा बघताय."

"तुम्ही मोजता?"

"सुया मोजायची सवय आहे. एकही आत राहता कामा नये ना... मोजता मोजता तुमच्याकडेही लक्ष जातं."

त्या शेवटच्या दिवशी सुया झाल्या, पण मामांनी टोपी बघताच तोंड फिरवलं. "नको. मोजा हलतो. मी नाही. सगळं खोटं."

तिचे डोळे भरून आले. डॉक्टर शेजारच्या खुर्चीत बसला. "आधी मला घाला."

तारा नीट चिकटाव्यात म्हणून ती त्याच्या केसांत जेल लावू लागली. गाल तापले होते. टोपी नि मोजा चढवला. "हं... मूठ उघडायचा विचार करा."

पडद्यावर रेषा सैरावैरा धावत सुटल्या. मोजा ढिम्म.

"लक्ष कुठंय तुमचं?"

"आता... तुम्ही इतक्या जवळ उभ्या... मूठ कशी आठवणार?"

मामा फिसकन हसले! तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "ऊठ. तुझ्याच्यानं... व्हायचं नाही. मी दाखवतो."

तिने घाईघाईने टोपी नि मोजा मामांना घातला. मामांनी डोळे मिटले. एक मिनिट... दोन... मग अंगठा किंचित सरकला. तर्जनी उलगडली, चिमूट सुटावी तशी.

"मोजा छान चालतोय," डॉक्टर पुटपुटला.

तिने मोज्याच्या बटणाकडे पाहिलं. डॉक्टरच्या हातातून मोजा काढताना तिने तो बंद केला होता. गडबडीत चालू करायचा राहूनच गेला होता.

"मामा... मोजा बंद आहे! तुमचा हात... तुमचाच!"

मामा आपल्या बोटांकडे बघत लहान मुलासारखे रडले.

नंतर नळापाशी डॉक्टर केसांतलं जेल धूत होता. "मागे राहिलंय, थांबा," म्हणत तिने टॉवेल घेतला. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"उद्या नाही हलला तर?"

"परवा हलेल."

"परवाही नाही हलला तर?"

"मी आहे ना. जन्मभर आहे." तो गडबडला. "म्हणजे... मी मामांबद्दलच—"

"मामांबद्दल नव्हतात बोलत," ती म्हणाली.

"...नव्हतो."

"मग सरळ सांगा ना! इथे जीव टांगणीला लागलाय माझा."

त्याने तिचा टॉवेलवरचा ओला हात धरला आणि सरळ सांगितलं.