कानातली साय

ठण्ण! मी चमचा ग्लासावर वाजवला. लेक कुशीवर पडून चित्र रंगवत होती. चांगला कान उशीत दाबलेला, दुखरा वर. तिनं मान वळवली नाही.

त्या कानात पाणी निचरायला बसवलेली इवलीशी नळी डॉक्टरांनी नुकतीच काढली होती. नळीवर बुळबुळीत साय धरलेली. मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. जंतू वाढतात का बघायला नमुना मीच प्लेटवर लावला. जंतू अशी साय धरून एकजुटीनं बसले की पुष्कळदा प्लेटवर काहीच उगवत नाही. तसंच झालं. नियमाप्रमाणे लिहिलं, ‘वाढ नाही’. खाली सही माझी.

डॉक्टर म्हणाले, कान उघडून आतून साफ करू. उशीर केला तर ऐकणं कायमचं जाईल. सासूबाईंनी माझाच रिपोर्ट पुढे केला.

“तूच लिहिलंयस ना, काही नाही म्हणून? मग पोरीच्या कानात सुरी कशाला?”

“आई, प्लेटवर नाही म्हणजे कानात नाही, असं नसतं हो.”

“तुला मेले सगळीकडे जंतूच दिसतात. ताप नाही, ठणका नाही. खेळतेय की चांगली.”

नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “बघू.” त्याचं बघू म्हणजे नाही.

संध्याकाळी सासूबाई आतल्या खोलीत दार लावून नणंदेशी फोनवर कुजबुजत होत्या. लेक माझ्या मांडीवर, चांगला कान माझ्या पोटाशी. ती खुदकन हसली.

“आजी आत्याला सांगतेय, हिला पोरीपेक्षा लॅब प्यारी.”

मी उठून दाराला कान लावला. सासूबाई तेच म्हणत होत्या, पुन्हा एकदा, आणखी तिखटमीठ लावून.

“ठमे, तुला कसं गं ऐकू आलं?”

“मला नाही. कानाला.”

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी लॅबच्या फ्रीजमधून ती नळी काढली. साय खरवडून काचेवर घेतली. बोट टोचून त्यावर माझं रक्त सोडलं. आईच्या पेशी आहेत, लढतील, असं काहीतरी खुळं मनात होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी सरकत गेल्या. सायीला भिडल्या, फुटल्या. त्यांच्यातून सुटलेले धागे सायीनं ओढून घेतले आणि ती जाड झाली. इथवर पुस्तकात आहे. लढणाऱ्यांच्या मढ्यांनीच ती आपला कोट बांधते.

मग उरलेल्या पेशी थांबल्या.

हळूहळू वळल्या.

सायीभोवती कडं करून बसल्या. पाठ तिच्याकडे, रोख बाहेर.

माझ्याकडे.

काच मी ब्लीचमध्ये बुडवली. कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

घरी आले तर लेक पळत येऊन बिलगली. तिच्या केसांना अजून तान्ह्या बाळाचा वास येतो. तिनं माझा हात उलटा केला, नेमकं टोचलेलं बोट निवडलं आणि आपल्या दुखऱ्या कानावर टेकवलं. कान गरम होता.

“आई,” ती रुसून म्हणाली, “एकच थेंब का दिलास?”