दाराला टांगलेले टोमॅटो

भर दुपारच्या झोपेत कुणाचं दार वाजवू नये, एवढं तर माझ्या आईने मला नक्कीच शिकवलं होतं. पण बसने मला वाल्दोलमोसच्या चौकात उतरवलं तेव्हा उन्हात चिटपाखरूही नव्हतं, आणि मी भाड्याने घेतलेल्या घराची किल्ली बेकरीत ठेवलेली होती. मी बेल दाबली. बऱ्याच वेळाने वरची खिडकी उघडली. विस्कटलेले केस, गालावर उशीचा वळ...

"कोणी वारलं का?" त्याने विचारलं.

"नाही... किल्ली हवी होती."

"मग सहा वाजता ये." आणि खिडकी बंद.

मी जळफळत उभी. तेवढ्यात खालचं दार उघडलं. तो अनवाणीच आला होता, एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात गार पाण्याचा ग्लास. "उन्हात उभी राहून तूच वारशील," म्हणाला आणि हसला. तो एलोय, गावचा बेकरीवाला. माझ्या डोक्यातला गोंधळ तिथूनच सुरू झाला.

माझी मैत्रीण लुर्देस आणि बाकीच्या समुद्रावर गेल्या होत्या. तिथे वाळूत टॉवेल पसरायलाही भांडावं लागतं. तिथल्या एका खोलीच्या भाड्यात मला इथे गावातल्या विसीमावशींचं अख्खं घर मिळत होतं, अंगणातल्या अंजिरासकट. सुट्टीचे शेवटचे तीन दिवस मात्र समुद्रावर मैत्रिणींकडे जायचं मी कबूल केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या कडीला टोमॅटोची पिशवी. नाव नाही, गाव नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा टोमॅटो आणि सोबत अंडी. मी सारागोसासारख्या शहरात वाढलेली. आमच्याकडे शेजारी लिफ्टमध्ये वर बघत नाहीत, अंडी कुठली देणार? आणि तरुण म्हणावा असा गावात एकच. मी आपले दोन आणि दोन चार केले.

एवढ्या टोमॅटोंचं करायचं काय? मुरांबा केला आणि बरणी घेऊन बेकरीत गेले. "तुझ्याच टोमॅटोंचा आहे," मी म्हटलं. त्याने बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"माझ्या...? हं. गोड निघाले ना?"

त्या दिवसापासून संध्याकाळी गाव गारव्याला रस्त्यात खुर्च्या टाकून बसलं की त्याची खुर्ची माझ्या शेजारी येऊ लागली. पीठ मळून त्याचे दंड भरलेले होते, आणि मी ते बघत नव्हते असं नाही. टोमॅटोला पाणी किती लागतं, असं मी एकदा सहज विचारलं, तर हा आभाळाकडे बघून म्हणाला, "आज वारा छान आहे." लाजतोय बिचारा, असं मला वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी मला लवकर जाग आली. दार उघडते तर विसीमावशी कडीला पिशवी अडकवत होत्या.

"मावशी, तुम्ही?"

"मग कोण? ऑगस्टात मळ्यात एवढं येतं की खाववत नाही आणि टाकवतही नाही. काल शेजारच्या पेत्राने लावली, परवा तिच्या दिराने. नवीन माणूस दिसलं की आधी त्याच्या दाराला."

"आणि एलोय?"

"त्याला कुठला मळा? उलट त्यानेच घरोघर बजावलंय, त्या पोरीला सांगू नका म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्खं गाव गालात हसत होतं तर! पण मग तो रोज खुर्ची आणून बसत होता, तो मजा बघायला की...? त्या दिवशी मी पावाशिवाय जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसला उभी होते. तो धावत आला, पिठाचा एप्रन तसाच.

"खोटं का बोललास?"

"बरणी देताना तू जशी बघत होतीस ना, बेलेन... खरं सांगितलं असतं तर ती नजर दुसऱ्या कुणाकडे गेली असती."

"कुणाकडे? पेत्राच्या दिराकडे?"

"सत्तरीचा आहे. पण टोमॅटो झकास पिकवतो."

मला हसू आलं, त्याचाच राग आला. तोवर बस आली. ड्रायव्हरने माझी बॅग उचलून खालच्या कप्प्यात टाकलीसुद्धा.

"उद्यापासून गावची जत्रा आहे," एलोय म्हणाला. "थांब ना."

"जत्रेसाठी?"

"नाही. जत्रा नुसतं निमित्त." त्याने पिठाचे हात एप्रनला पुसले, तरी ते पांढरेच राहिले. "माझ्यासाठी थांब. तू मला आवडतेस. पुढे कसं, तू तिकडे, मी इकडे... ते मलाही कळत नाही."

मला तरी कुठे कळत होतं? तिकडे लुर्देस वाट बघणार. सोमवारपासून कामावर जायचंय. आणि हा माणूस पहाटे तीनला उठतो, मी नवाशिवाय डोळा उघडत नाही.

"चढताय ना?" ड्रायव्हरने विचारलं.

"माझी बॅग काढून द्या."

"नक्की ठरलं का? नाहीतर पुन्हा टाकायला लावाल."

"नक्की काहीच ठरलेलं नाही," मी म्हटलं. "पण बॅग द्या."