तिसरा वन्समोअर

"आरं, गाणं व्हायच्या आधीच तू वन्समोअर मोजलेस? शिंपी हाईस का ज्योतिषी?" चंदनबालाबाई आरशातूनच कडाडल्या.

"आवं आक्का, पेपरचं पान सातला सुटतं," बशीर मोबाईल पुढं धरून म्हणाला. "तुमचा तिसरा अंक संपणार मध्यरात्री. तवर पेपर छापून, गठ्ठे बांधून गाडीत पडलेला असतोय. उद्या न्हाई आलं तर परवा कोण वाचतंय? परवाचा पेपर भज्याला."

"मग भज्याला जाऊ दे."

"दर बारीला, दर खेळाला मी असंच पाठवतो की. आजच काय झालं?"

"आजच मला कळलं! आन् हे काय लिवलंयस? 'स्वर्गीय स्वर'. मी अजून जमिनीवर हाय, गड्या."

भांडण रंगपटात चाललेलं. साताऱ्याच्या नाट्यगृहाचा रंगपट, संध्याकाळची वेळ. दिवस मावळायच्या आत जेवायचा बाईंचा जैनाघरचा नेम, तो नाटकाच्या दिवशीही मोडत नसे. भाकरीचा डबा धुऊन पालथा घातलेला, गालाला लाली लावायची राहिलेली, आणि त्यात बशीरनं कौतुक करून घ्यावं म्हणून मोबाईल दाखवला. त्यात छापायला पाठवलेलं परीक्षण होतं. 'तिसऱ्या अंकातील भैरवीच्या पदाला रसिकांनी तीन वन्समोअर दिले.' अजून पडदा वर गेला नव्हता, आणि रसिक रिक्षातच होते.

हे भांडण दादासोंनी स्वतःच्या कानानं ऐकलं. दादासो म्हणजे त्या नाटक मंडळींचे ऑर्गनवाले. ते परवा सांगलीत तालमीच्या खोलीत ही गोष्ट सांगत होते. रात्री लाईट गेलेली, सतरंजीवर नवी पोरं, मधे एका मोबाईलचा उजेड. आर्जव नायकाचं काम करणारा. प्रीती नवी नायिका. बाईंनी तीस वर्षं केलेली भूमिका आता तिच्याकडं आलेली.

"भांडण मिटलं का मग, काका?" प्रीतीनं विचारलं.

"मिटलं. बाईंनी एकच वाक्य टाकलं आन् मिटलं. बशीर मान खाली घालून भायेर गेला."

"काय म्हणाल्या?"

"शेवटाला सांगतो. आधी बशीरचं ऐका. त्यानं मला सांगितलं तसंच सांगतो. माझं काय बी न्हाई त्यात."

बशीर दिवसा मंडळींचे कपडे शिवायचा आणि रात्री त्याच मंडळींची परीक्षणं लिहायचा. बाईंच्या शालूची काठपट्टी आणि बाईंच्या गळ्याची तारीफ, दोन्ही त्याच्याच हातची. माणूस वाईट नव्हता. पण स्तुती म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी शिवून ठेवायची कापडी पिशवी नव्हे, हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बाकीच्या नटनट्यांना ते चालत होतं. बाईंना चाललं नसतं. म्हणून बाईंना त्यानं ते वीस वर्षं कळू दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र कौतुकाच्या हौसेत भान सुटलं.

बाई स्वतःच्या गाण्याची नोंद पेपरात ठेवतच नसत. नाटक संपलं, की रंग उतरवायच्या आधी ऑर्गनजवळ जायच्या. जितके वन्समोअर खरे मिळाले, तितकी लालीची बोटं ऑर्गनच्या मागच्या फळीवर उठवायच्या. एकही मिळाला नाही, तर हात मागं बांधून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आज आपन नापास." त्या फळीवर जुनी बोटं वाळून तपकिरी झालेली होती. दादासोंना वाजवताना ती दिसत नसत. विंगेतून यायचं, तर पहिली तीच दिसत.

त्या रात्री दोन अंक झाले. दुसऱ्या मध्यंतरात बाई आरशासमोर बसल्या, लालीची डबी उघडली, आणि मान हळूच पुढं झुकली. दरवाज्यात बशीर होता. त्याला वाटलं, पदाचे शब्द आठवतायत.

दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. डबी मात्र मुठीतून सुटेना. तशीच नेली.

सकाळी सांगलीत पेपर आला. तीन वन्समोअर. स्वर्गीय स्वर. बशीर स्मशानात पोचला, तेव्हा बाईंचे यजमान धरणेंद्र आण्णा बाकावर बसले होते, मांडीवर तोच पेपर. आण्णांनी वर पाहिलं. घडी घातली. सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"चांगलं लिवलंयस," ते म्हणाले.

शिवी दिली असती, तर बरं झालं असतं.

त्यानंतर बशीरला काही वाटेनासं झालं. रडू येईना, भूक लागेना, लागली तरी कळेना. बायको नूरजहां ताट पुढं ठेवी, तो जेवून उठे, आणि काय जेवलो ते सांगता येत नसे. शिवणयंत्राची सुई एकदा बोटात गेली. त्यानं ती उलटं चाक फिरवून काढली आणि काठपट्टी पुरी केली. कपड्यावर डाग पडला, तो नूरजहांनं पाहिला. एवढंच डोक्यात असे, की आपण बाईंच्या नावावर एक खोटं गाणं लावून ठेवलंय, आणि ते पुसायला बाई नाहीत.

ऑर्गन साताऱ्यालाच राहिला होता. त्या धावपळीत कोण उचलणार? पंधरा दिवसांनी दादासो निघाले, तर कंबर धरलेली. बशीर म्हणाला, "मी आणतो."

मार्गशीर्षातली अमावास्या. गुरुवार. कुपवाडच्या कृष्णातचा टेम्पो केला. नाट्यगृहात त्या दिवशी कुठल्याशा शाळेचं स्नेहसंमेलन होतं. रंगमंच मोकळा होईतो अकरा वाजून गेले. थंडी मरणाची. राखणदारानं कुलूप उघडून दिलं, विंगेतला एक बल्ब लावला आणि "न्हेताना हाक मारा" म्हणून तो आपल्या शेकोटीकडं गेला. ऑर्गन डाव्या विंगेत गोणपाटाखाली होता. कृष्णातनं एका बाजूनं उचलून बघितलं.

"लय जड हाय रं. दोर लागंल. टेम्पोतनं आणतो."

बशीरनं तोवर गोणपाट काढून घडी घातली. मग प्रेक्षागृहात उतरला आणि तिसऱ्या रांगेत बसला. तीच त्याची नेहमीची खुर्ची. मुद्दाम बसला नाही. पाय तिकडं गेले.

समोर मोकळा रंगमंच. फुग्यांचे तुकडे. कागदी फुलं. विंगेतला बल्ब, त्याचा पिवळा पट्टा फळ्यांवर पडलेला.

घंटा झाली.

बशीरला वाटलं, राखणदार असेल. नाटकवाल्यांचा कान तो. पहिली घंटा कुठली, तिसरी कुठली, त्याला झोपेत कळे. ही तिसरी होती. तिसरी झाली, की कुणी उठायचं नाही.

तो उठला नाही.

मग विंगेतून आवाज आला. ऑर्गनच्या भात्याचा. आत… बाहेर. आत… बाहेर. पायाखाली दाबल्याशिवाय भाता चालत नाही. विंगेत कुणी नव्हतं. बशीरला बसल्या जागेवरून पायपट्ट्या दिसत होत्या. त्या हलत नव्हत्या.

मग सूर लागला.

मग पद.

भैरवी. तिसऱ्या अंकातली.

आवाज बाईंचाच. पण परीक्षणातला नव्हे. तो पल्लेदार, काळजाचा ठाव घेणारा वगैरे जो बशीर दर वेळी लिहायचा, तसा मुळीच नव्हता. खालच्या पट्टीत थोडा घोगरा. वर जाताना एके ठिकाणी काठावरून घसरता घसरता सावरलेला. वीस वर्षं त्यानं बाईंना ऐकलं होतं, आणि ती घसरण त्याला आज ऐकू आली. आणि ती सावरल्यावर जे झालं, त्याला त्याच्याकडं शब्द नव्हता.

दादासो इथं थांबले. मोबाईलचा उजेड आपोआप विझला, तो आर्जवनं पुन्हा लावला.

पद संपलं.

भाता चालूच. आत… बाहेर.

कशाची तरी वाट बघत असल्यासारखा.

बशीरला कळलं. त्यानं तोंड उघडलं.

"वन्समोअर."

पद पुन्हा सुरू झालं. तेच शब्द. पण आवाज आता विंगेतून नव्हता. रंगमंचाच्या मधोमध होता, जिथं बाई उभ्या राहायच्या. फळ्यांवर कुणी नव्हतं. फुग्याचा एक तुकडा तेवढा सरकला… कुणाचा तरी पदर लागावा तसा.

पद संपलं.

आत… बाहेर.

"वन्समोअर."

तिसऱ्यांदा… आवाज खाली उतरला. पायऱ्या उतरून. पहिली रांग. दुसरी. बशीर मान वळवेना. खुर्चीचे हात धरून बसला. भीती? त्याला आठवत नाही. त्यानं दादासोंना सांगितलं, की पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याला हातापायांची थंडी कळली, एवढंच. अंगावर पाणी ओतावं तशी कळली.

शेवटची ओळ शेजारच्या खुर्चीतून आली. डाव्या कानाशी. लालीचा वास होता.

पद संपलं.

भाता थांबला.

आता दुसरा काही आवाज नाही. फक्त शेजारी कुणी तरी गाऊन दमल्यावर घेतं तसा श्वास. आणि वाट बघणं.

तिसरा.

बशीरनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. "वन्स…"

पुढचं येईना.

"वन्स…"

…

"बशीरभाई! आवं, दोर घावला!" दारातून कृष्णात. हातात बॅटरी. "अंधारात काय करताय?"

विंगेतला बल्ब गेलेला होता. शेजारची खुर्ची… दुमडून बसणारी खुर्ची ती. कुणी उठलं, की आपोआप वर जाते. बाकीच्या सगळ्या वर होत्या.

ती खाली होती. बॅटरीच्या उजेडात बशीर बघत असतानाच ती हळूच वर गेली.

ऑर्गन टेम्पोत घातला. कऱ्हाडला चहा घेताना बशीर कृष्णातला म्हणाला, "गरम हाय." तो म्हणतोय तरी काय, म्हणून कृष्णात त्याच्याकडं बघत राहिला.

"तवापास्नं त्यानं एक ओळ लिवली न्हाई," दादासो म्हणाले. "आपल्या परतेक बारीला येतोय. तिसऱ्या रांगेत बसतोय, पडदा पडंस्तवर. शेजारची खुर्ची रिकामी ठिवतोय, तिकीट काढून. कुणी चांगलं गायलं, की तोंड उघडतोय, आन्…"

"आन् काय?"

"तुमी बघितलंय की. 'वन्स' म्हणतोय आन् मिटतोय."

पोरांनी बघितलं होतं. हसलीही होती ती एकदा. आता कुणी हसलं नाही.

"खोटं वाटतंय, काका," आर्जव म्हणाला. पण हळू म्हणाला.

"वाटू दे. त्यो मोबाईलचा उजेड आण इकडं."

ऑर्गन खोलीच्या कोपऱ्यातच होता. हाच तो. दादासोंनी कंबर सांभाळत त्याचं तोंड भिंतीकडं वळवलं, मागची फळी उजेडात आली. वर जुनी बोटं, रांगेनं, वाळून तपकिरी. सगळ्यांवर धुळीचा पातळ थर. त्यांच्या खाली थोडी जागा सोडून दोन नवी बोटं. लाल. त्यांच्यावरही धूळ.

आणि त्यांच्या शेजारी, तिसऱ्या बोटाच्या जागी, रंग नव्हता. बोटाच्या पेराएवढी जागा फक्त स्वच्छ होती. फळीभर धूळ, आणि तेवढी एक जागा आत्ताच पुसल्यासारखी.

"मी दोनदा राख फासली तिथं," दादासो म्हणाले. "सकाळी बघतो तर हीच."

प्रीतीनं हात पुढं केला. मधेच मागं घेतला. तिच्या मोबाईलमध्ये उद्याच्या प्रयोगाचं परीक्षण तयार होतं. दुपारी नव्या प्रसिद्धीवाल्या पोरानं पाठवलेलं, छान छान शब्दांचं. तिनं ते उघडलं. कुणाला न दाखवता पुसून टाकलं.

"काका," ती म्हणाली, "त्या दिवशी बाई काय म्हणाल्या? भांडण मिटलं ते?"

दादासो ऑर्गन पुन्हा भिंतीशी सरकवत होते. सरकवून झाला. मग बाईंच्याच आवाजाच्या ठेक्यात, आरशात बघत बोलावं तसं, सांगितलं:

"छाप तू खुशाल, बशीर, पर मी गाईन तवा ह्ये तिन्ही वन्समोअर तुज्याच तोंडनं घेईन, एक बी सोडणार न्हाई."