कॅसेटची मोकळी बाजू

दोहाला एसीच्या कामावर असलेल्या फैझानने मागच्या सुट्टीत मुंबईहून कॉम्प्युटर आणला आणि राजिवड्यातल्या त्यांच्या चिऱ्याच्या घरात, खाडीकडच्या खोलीत, शिवणयंत्राच्या शेजारी तो मांडला. मांडतानाच भावाबहिणीने डिस्कचे दोन वाटे करून घेतले. एका वाट्यात फैझानचं विंडोज आणि गाड्यांच्या शर्यतीचे गेम. दुसऱ्यात धाकट्या हुदाचं लिनक्स, एका मासिकाबरोबर आलेल्या, पेंग्विनचं चित्र असलेल्या सीडीवरचं. हुदाने त्याच वर्षी, २००१ साली, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं. गोष्ट चालते एवढ्यावर तिचं समाधान होत नसे. ती का चालते हे कळलं पाहिजे, आणि विंडोज ते सांगत नाही, ही तिची तक्रार.

"तुझा तो पेंग्विन काय कामाचा नाय," फैझान दोहाहून फोनवर चिडवायचा.

"तुझ्यापेक्षा बरा. निदान विचारलं तर उत्तर देतो."

पावसाळा सरला आणि पेंग्विनला खरंच काम मिळालं. अम्मीने कपाटावरचा पत्र्याचा डबा उन्हात ठेवायला काढला, तर आतल्या कॅसेटींवर पांढरी बुरशी चढलेली. अम्मी डबा मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. हुदाने एक कॅसेट पुसून टेपरेकॉर्डरमध्ये घातली. आवाज आला, पण फीत पुढे सरकेल तशी तिच्यावरची तपकिरी पूड झडत गेली, आणि दुसऱ्यांदा लावल्यावर खरखरीशिवाय काही उरलं नाही. म्हणजे प्रत्येक कॅसेट आता एकदाच वाजणार होती. त्या एका वेळेतच तो आवाज डिस्कवर उतरवायचा.

आवाज अब्बांचा होता. अब्बा, म्हणजे जमाल, बहारीनला गाळ काढणाऱ्या जहाजावर होते. त्या काळात आखातात गेलेल्यांची घरं कॅसेटींवर चालत. पत्राला लिहिणारा आणि वाचणारा तिसरा माणूस लागे, कॅसेटला तो लागत नसे. तिकडचा माणूस एका बाजूला बोलून भरी आणि दुसरी बाजू मोकळी सोडी. ती इथल्या बायकोने भरायची आणि सुट्टी संपवून परत जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची. मोकळ्या बाजूवर दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, गाणीसुद्धा घ्यायची नाहीत. ती ज्याची त्याची. हुदा पाळण्यात असताना जमाल तिकडे वारले, तिकडेच दफन झाले. घरी आली ती त्यांची पेटी, आणि पेटीत दोन्ही बाजू भरलेल्या या कॅसेटी. शेवटची एक मात्र पेटीतली नव्हती. ती टपालाने घरी आली होती, आणि तिची मोकळी बाजू भरायच्या आतच तार आली.

"ती सगळ्यात शेवटी घे," अम्मीने सांगितलं. तिच्यात काय आहे ते सांगितलं नाही.

हुदाने टेपरेकॉर्डरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर जोडली आणि रोज सकाळी एक-दोन कॅसेटी उतरवायला लागली. आवाज दाबून लहान करण्याचा मार्ग होता, पण जे एकदाच मिळणार ते दाबून का ठेवायचं, म्हणून तिने जसंच्या तसं साठवलं. त्याला जागा फार लागे. म्हणून प्रत्येक कॅसेटीआधी ती डिस्कवर जागा किती उरली ते बघून घेई. मध्येच जागा संपली तर ती कॅसेट कायमची गेली.

हिशोबात चूक आहे हे तिला असंच कळलं.

लिनक्समध्ये जागा मोजण्याच्या दोन रीती. एकीत तो एकेका फाइलचं आकारमान घेऊन बेरीज करतो. दुसरीत थेट डिस्कला विचारतो, तुझं किती भरलं. म्हणजे लग्नघरात माणसं नावानिशी मोजावीत किंवा उष्टी ताटं मोजावीत, तसं. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. हुदाकडे ताटं जास्त येत होती, आणि रोज थोडी थोडी वाढत होती.

ती घाबरली नाही. याची कारणं असतात आणि ती तिला ठाऊक होती. डिस्क थोडी जागा स्वतःच्या मालकासाठी राखून ठेवते. तिने ती वजा केली. कधी पुसलेली फाइल एखादा चालू प्रोग्राम धरून बसतो. तिने सगळे प्रोग्राम तपासले, मशीन बंद करून परत सुरू केलं. कधी एका फोल्डरखाली दुसरं झाकलं जातं. तिने तेही उचलून पाहिलं. फरक जागच्या जागी राहिला. दुसऱ्या दिवशी वाढला.

मग तिने फरक कधी वाढतो ते बघायला घेतलं. सकाळी वाढत नसे. रात्रीही नाही. तो दुपारीच वाढे.

दुपारी जोहरची नमाज झाली की अम्मी त्या खोलीत येऊन बसे. एरवी ती मागच्या पडवीत बसायची, पण कॅसेटी उतरायला लागल्यापासून तांदूळ निवडायला, तिसऱ्यांचे शिंपले फोडायला इकडेच येऊ लागली होती. आणि ती बोलायची. हळू, हातातल्या कामाकडे बघत. शेजारच्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. फैझानसाठी पूर्णगडची एक मुलगी सांगून आली, पण त्याचं नाक फार वर. मग गप्प व्हायची. थोड्या वेळाने हुं म्हणायची आणि पुढे बोलायची.

कॉम्प्युटरला माइक नव्हता. हुदाने मुद्दाम मागे जाऊन पाहिलं. टेपरेकॉर्डरची वायरही काढून ठेवलेली होती.

"कोणाशी बोलतेस गो अम्मी?"

"कोणाशी नाय. बोलायची सवय मोडली होती, परत लागली."

हुदा शेजारी बसून आकडा पाहत राहिली. अम्मी बोलत असताना तो हलत नव्हता. अम्मी गप्प झाली की डिस्कचा लाल दिवा लुकलुकायचा आणि मोकळी जागा उतरायला लागायची. अम्मीने हुं म्हटलं की थांबायची. उतरण्याचा वेगही हुदाच्या ओळखीचा होता. आवाज साठवताना एका सेकंदाला शहाऐंशी किलोबाइट जातात. इथेही तेवढेच जात होते.

तिने अम्मीला दोन दिवस पूर्णगडला मावशीकडे पाठवलं. मशीन चालू ठेवलं. त्या दोन दिवसांत आकडा तसूभर हलला नाही. अम्मी एसटीतून उतरून घरी आली, हातपाय धुतले, नमाज पढली, खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, "मावशीचा गुडघा दुखतो हो फार." मग गप्प झाली. दिवा लुकलुकला.

हुदाने हे कुणाला सांगितलं नाही. सांगायला तिच्याकडे निरीक्षण होतं, निष्कर्ष नव्हता.

फैझान सुट्टीवर आला तेव्हा एकच कॅसेट उरली होती, शेवटची. तिच्यापुरती जागा मात्र लिनक्सच्या वाट्यात राहिली नव्हती. विंडोजच्या वाट्यात भरपूर होती, पण लिनक्सला ती बाजू नुसती वाचता येई. तिच्यावर लिहायला जावं तर सगळंच बिघडायची भीती.

"मग माझ्यातली थोडी काप आणि तुझ्यात जोड," फैझान म्हणाला. "वहिवाट सोडली मी. लिहून देऊ?"

"लिहून काय देतोस. उतरवलेलं ऐकलंस का तू?"

"ऐकलं," तो म्हणाला. "मला वाटायचं, अब्बांचा आवाज मला आठवतो. ऐकल्यावर कळलं, आठवत होता तो मामूंचा." मग हसून म्हणाला, "मामूंना सांगू नको, मटण मागतील."

हुदाने सीडीवरून मशीन सुरू केलं. वाटा वाढवायचा तर आधी पूर्ण तपासणी करून घ्यावी लागते, त्याशिवाय तो प्रोग्राम पुढे जात नाही. तपासणी सुरू झाली. एक पायरी, दुसरी, तिसरी. शेवटच्या पायरीला ती थांबली आणि पडद्यावर आकड्यांची लांबलचक ओळ आली. खाली प्रश्न.

"काय म्हणतो?" फैझानने विचारलं.

"डिस्कचे एवढे तुकडे भरलेले दिसतात, पण ते कुठल्याच फाइलचे नाहीत. मोकळे करू का, म्हणतो."

"मग विचारतो काय? हो म्हण. तेवढ्यात तुझी कॅसेटसुद्धा मावेल."

मावली असती. वाटा वाढवायचीही गरज पडली नसती. हुदाचं बोट वाय या अक्षरावर होतं.

अम्मी दारात उभी होती. हातात ओलं फडकं.

"काय विचारतो तो?"

"ज्या जागेला मालक नाही ती मोकळी करू का, असं."

"मालक नाही, हे कोण म्हणतं?"

खाडीत एक होडी मशीन फटफटवत भाट्याकडे गेली.

"नाही म्हण त्याला," अम्मी म्हणाली.

हुदाने बोट उचललं आणि एन दाबलं. पुढच्या प्रश्नालाही एन. तपासणी चुका तशाच ठेवून संपली, आणि चुका ठेवल्यामुळे वाटा वाढवायचा मार्गही बंद झाला.

फैझानने दोघींकडे पाळीपाळीने पाहिलं. त्याला काही समजलं नव्हतं, आणि त्याने विचारलंही नाही. "ठीक आहे," तो म्हणाला. "माझा वाटा पूस सगळा. तिथे तुझ्या पेंग्विनचं नवं घर बांध आणि कॅसेट त्यात भर. तुझ्या वाट्याला हात लावू नको."

"तुझे गेम जातील."

"जाऊ देत. तसाही हरतच होतो."

ती कॅसेट त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी लावली. तिघंही जमिनीवर बसली. पूड झडत होती, फीत मध्येच कापरी व्हायची, पण आवाज येत होता. अब्बांनी आधी फैझानची चौकशी केली, दात पडला का म्हणून. मग जहाजावरच्या कुणा मलबारी माणसाच्या स्वयंपाकाची थट्टा. मग आवाज जरा जवळ आला, जसं काही त्यांनी टेपरेकॉर्डर तोंडाशी धरला.

"आसिया, हुदाचा आवाज भर गो पुढल्या बाजूला. रडली तरी चालेल. मी आलो आणि हाक मारली तर ओ तरी देईल का ती? माझा आवाज कुठे ठाऊक आहे तिला. आणि मला तिचा."

मग कुणीतरी दार वाजवल्यासारखं झालं. "आलो रे," ते कुणाला तरी म्हणाले. खटका पडला.

फैझान उठून बाहेर गेला. अम्मीने हुदाच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणून सांगितलं नाही तुला," ती म्हणाली. "ती बाजू भरणार होते मी. तू झोपली होतीस. म्हटलं, उद्या भरू."

त्या दुपारी अम्मी खोलीत आली नाही. ती चुलीपाशी होती, फैझान मित्राकडे जयगडला गेला होता, आणि हुदा कॉम्प्युटरसमोर बसली होती.

तिने आपल्या जुन्या वाट्यातली मोकळी जागा पाहिली. आकडा सकाळी होता तोच. थोडी वाट पाहून परत पाहिला. तोच.

तिला स्वतःचंच हसू आलं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. माइक नसलेलं यंत्र.

तरी तिने खुर्ची पुढे ओढली.

"अब्बा," ती म्हणाली. तो शब्द तिने कधी कुणाला हाक मारायला वापरला नव्हता. तोंडात तो नवा, कोरा लागला. "अब्बा, मी हुदा. मी झोपले होते."

दिवा लागला नाही. आकडा हलला नाही.

तिने वाट पाहिली. शिवणयंत्राच्या पायट्यावर ऊन आलं होतं. कौलांवरून एक कावळा उडाला.

मग दिवा एकदाच लागला आणि विझला.

तिने आकडा पाहिला. मोकळी जागा ऐंशी किलोबाइटने कमी झाली होती. सवयीने तिने भागाकार केला. एका सेकंदाहून किंचित कमी. तेवढ्या वेळात वाक्य होत नाही. एखादा लहानसा शब्द होतो.

दिवा परत लागला. पुन्हा ऐंशी.

ती हलली नाही. खोलीत पंख्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तिने कान कॉम्प्युटरजवळ नेला. आत डिस्क फिरत होती, एवढंच.

पुन्हा ऐंशी.

"अगो हुदा," चुलीपाशी काम करता करता अम्मी तिथूनच म्हणाली, जरा वैतागून, जशी रोजच म्हणत असावी, "ओ दे की. कधीपासून हाक मारतायत तुला."